तांडा मोडणारी

तुम्हाला माहीत होतं, ताई. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तुम्ही गप्प बसलात. नुसत्या गप्प बसला असतात तरी एक वेळ मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही हसत होतात, टाळ्या वाजवत होतात, आणि माझ्यासारख्या नव्या बाईला त्याच्या हातात सोपवून वर म्हणत होतात, "नशीब काढलंस हो!"

आता मला माफी मागायला सांगता. ठीक आहे. मग सगळं पहिल्यापासून सांगते, आणि चारचौघांत सांगते. कोणी कोणाची माफी मागायची ते वाचणाऱ्यांना ठरवू दे.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांना सांगते, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरा. मग काचेमागे जाते, बटण दाबते आणि तिथून ओरडते, सोडा. रोज कितीतरी खांदे माझ्या हातांनी सरळ होतात, पण माझ्या खांद्याला कोणाचा हात लागत नाही. संध्याकाळी दादाच्या घरी येते. मागची खोली माझी. नवरा सोडून गेल्याला बराच काळ झाला. त्याच्यावर मी इथे लिहिणार नाही. शाई वाया घालवावी एवढा तो माणूस मोठा नव्हता.

टँगो शिकायला मला वहिनीने ओढून नेलं. ती तुमच्याकडे आधीपासून येत होती. दादा येत नाही. नाच म्हटलं की त्याची कंबर धरते, आणि टीव्हीवर मॅच लागली की लगेच सुटते. वहिनी म्हणाली, "वन्सं, चला माझ्याबरोबर. नुसत्या बसून बसून एक दिवस तुमचाच एक्स-रे काढायला लागेल."

गेले. पोहण्याच्या तलावाची ती इमारत, खाली पाण्यात पोरांचा गोंगाट, आणि वरच्या मजल्यावर तुमचा हॉल. क्लोरीनचा वास जिन्यापर्यंत सोबत येतो. भिंतीला लागून घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीची किटली आणि बिस्किटं, बूट बदलायला ती अरुंद खोली जिथे तलावाच्या फुटक्या तरंगत्या फळ्या रचून ठेवल्यात. आणि मधोमध लाकडी फरशी. गुळगुळीत, मधाच्या रंगाची. रविवारी दुपारी खिडकीतून ऊन त्या फरशीवर पडतं तेव्हा खरंच सांगते, पाय आपोआप पुढे होतात.

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? फार आवडलं. सगळ्यात जास्त आवडली तिथली विचारायची पद्धत. तोंडाने कोणी विचारत नाही. पुरुष लांबून बघतो. बाईने त्याच्याकडे बघितलं तर तो मान हलवतो, तिनेही हलवली की उठून येतो. नको असेल तर बाईने नजर दुसरीकडे न्यायची, बस्स. कोणाची शोभा होत नाही, कोणाला कारण सांगावं लागत नाही. मी मनात म्हटलं, ज्याने हे शोधून काढलं त्याला बायकांची थोडी तरी समज असणार.

आणि एकदा धरलं की चार गाणी. सलग चार गाण्यांच्या त्या फेरीला तुम्ही लोक तांडा म्हणता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहिनीला विचारलं, "म्हणजे काय, गुरं घेऊन निघालोय का आपण?" ती इतकी हसली की तिची कॉफी सांडली. तांडा संपला की मध्ये वेगळ्याच चालीचं एक छोटं गाणं वाजतं. ते वाजलं की सगळ्यांनी जोड्या सोडायच्या, फरशी रिकामी करायची, आपापल्या खुर्चीत जायचं. पुन्हा नजरा, पुन्हा माना, नवा जोडीदार. एकाच माणसाबरोबर पुन्हा पुन्हा नाचलं तर त्याचा अर्थ सगळा हॉल काढतो. हेही मला तुम्हीच शिकवलंत.

मग वखारवाले आले.

मी त्यांना नावाने कधीच ओळखलं नाही. सगळे वखारवालेच म्हणतात. लाकडाची वखार आहे, आणि हॉलची फरशी त्यांनी घालून दिली आहे. ही दुसरी गोष्ट मला पहिल्याच दिवशी निदान तिघांनी सांगितली, जणू ती ऐकल्याशिवाय बूट घालायची परवानगी नव्हती. ते लांबून बघत नाहीत. मानही हलवत नाहीत. सरळ खुर्चीसमोर येऊन उभे राहतात आणि हात पुढे करतात.

"चल, एक्स-रे."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डोळ्यांनीच जा म्हणालात. नशीब काढलंस ते तेव्हाच.

नाचतात चांगले. माणूस वाईट आहे म्हणून त्याचे पाय वाईट म्हणायचे, एवढी मी खोटी नाही. पण त्यांचा उजवा हात पाठीवर असा रुतायचा की माझ्या बरगड्यांना हलायला जागाच उरायची नाही. कानाशी सूचना चालूच. "ढिली सोड. मागे बघू नको. मी आहे ना." मी मान सरळ ठेवायची, खांदे पुढे, आणि श्वास धरायची. चारही गाणी. काचेमागून सोडा म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

तांडा संपला, मधलं गाणं वाजलं, जोड्या सुटल्या. त्यांनी माझा हात सोडला नाही. तिथेच उभे राहिले, फरशीच्या मध्यावर, दुसरा तांडा सुरू होईपर्यंत. मी म्हटलं, "धन्यवाद, मी जरा..." तर हसले.

"अगं, हे इथे म्हणायचं नसतं. पुरुष म्हणतो. बाईने म्हटलं की अडाणी दिसतं. लक्षात ठेव हां."

त्या वेळी, ताई, तुम्ही हाताच्या अंतरावर उभ्या होतात. गाण्यांच्या यंत्राची वायर बसवत होतात. त्यांनी वळून तुम्हाला विचारलं, "काय हो, बरोबर ना?" आणि तुम्ही वायर हातात धरून हसलात. 'हो' म्हणाला नाहीत. 'नाही'ही म्हणाला नाहीत. त्या हसण्यावर माझे पुढचे कितीतरी रविवार गेले.

कारण मी ते खरं मानलं. मी काय, हॉस्पिटलातली बाई. तिथे मशीनवर लिहिलेलं असतं तसंच करायचं असतं. इथलं लिहिलेलं मला कोण दाखवणार?

मी हळूहळू टाळायला लागले. गोडीत. ते येताना दिसले की मी वाकून बुटाचा पट्टा सोडायची आणि परत बांधायची. कॉफी घ्यायला जायची. खांबामागची खुर्ची धरायची. ते खांबाला वळसा घालून यायचे.

"आज जरा बसते हो."

"बसायला घर आहे की."

"पाय भरून आलेत."

"नाचलं की मोकळे होतात. तूच सांग, तू हॉस्पिटलची."

आणि एकदा पाय दुखतोय म्हणून बसले आणि पुढच्या तांड्याला लांबून एका म्हाताऱ्या घड्याळजीने मान हलवली. फार हळुवार नाचणारा माणूस. मी उठले. आमच्या शेजारून वखारवाले नाचत जात होते. मोठ्याने म्हणाले, "काय एक्स-रे, पाय बरा झाला वाटतं? कोणतं औषध घेतलंस?" सगळी रांग हसली. घड्याळजीही हसला, आणि त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी बघितलं नाही.

तो एकटाच नव्हता. एकेक नजर आटत गेली. मी खुर्चीत सावरून बसायची, समोर बघायची, आणि समोरचे डोळे माझ्यावरून सरकून शेजारच्या बाईवर थांबायचे. का ते मला कळत नव्हतं. मग एका रविवारी बुटांच्या खोलीत, त्या फळ्यांच्या पलीकडे, दोघी बोलताना ऐकलं.

"ती ना? ती वखारवाल्यांची आहे."

"हो? मला वाटलं, ती वहिनीबरोबर येते."

"येते वहिनीबरोबर. आहे त्यांची."

मी एक बूट पायात आणि एक हातात, अशी तशीच उभी राहिले. वखारीतली फळी असते, तिच्यावर खडूने कोणाचं तरी नाव घालून ठेवलेलं असतं, तशी माझ्यावर खूण पडली होती, आणि ती पाठीवर असल्यामुळे फक्त मलाच दिसत नव्हती.

घरी वहिनीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "अहो, मग नाही म्हणा ना सरळ."

"कसं म्हणू? तोंडाने विचारत नाहीत, तोंडाने नाही म्हणायचं नाही, धन्यवाद म्हणायचं नाही. काय, उडी मारू खिडकीतून?"

"खाली तलाव आहे. लागणार नाही," वहिनी म्हणाली. मग सुरी खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. "वन्सं, एवढं झालंय?"

"एवढं झालंय."

दादा बाहेरून ओरडला, "तू जरा गोडीत घे ना त्यांच्याशी. मोठी माणसं आहेत." वहिनीने सुरी परत उचलली आणि गाजराचा असा तुकडा केला की दादाने तो बघायला हवा होता.

मग तो दुसरा हॉल. हॉस्पिटलने नव्या मशीनच्या शिक्षणासाठी मला दुसऱ्या शहरात पाठवलं. तिथे रविवारी मोकळी होते. शोधत शोधत गेले. लहानसा हॉल, फरशी साधी, घासलेली, कुठे कुठे उखडलेली. मी बघत बसले. एक जोडी माझ्यासमोरून गेली. पहिलं गाणं संपलं, आणि ती बाई, साधारण माझ्याच वयाची, जोडीदाराला म्हणाली, "धन्यवाद." मी खुर्चीची कड धरली. तो पुरुष मानेने बरं म्हणाला, तिला खुर्चीपर्यंत सोडून आला. ती बसली, पर्समधून बिस्किट काढलं आणि खाल्लं. छत पडलं नाही. गाणं चालूच होतं.

मी शेजारच्या बाईंना विचारलं, "त्या अशा मध्येच कशा उठल्या?"

"धन्यवाद म्हणाली ना ती."

"बायका म्हणू शकतात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की बायका जिना उतरू शकतात का. "दोघांपैकी कोणीही म्हणावं. तेवढ्यासाठीच तर तो शब्द आहे. दार असतं ते, बाई. नाहीतर चार गाणी कोंडून घ्यायचं का कोणाला?"

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला रडू आलं नाही. मला राग आला. त्या माणसाने दाराला कुलूप घातलं होतं आणि मला सांगितलं होतं की ही भिंत आहे.

आल्या आल्या मी तुमच्याकडे आले. आठवतं? तुम्ही खुर्च्या मांडत होतात. मी विचारलं, "ताई, तांड्याच्या मध्ये बाईने धन्यवाद म्हणायची पद्धत आहे का?"

तुम्ही खुर्ची उघडलीत, बंद केलीत, परत उघडलीत. "आहे. म्हणजे असते. पण आपल्याकडे कोणी वापरत नाही गं. चांगलं दिसत नाही. उगाच कोणाचं मन दुखावतं."

"कोणाचं?"

"आता सगळं फोडून सांगायला हवं का? त्यांच्याच फरशीवर नाचतो आपण."

तेव्हाच मी तांडा मोडायचं ठरवलं, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मी काही ठरवलं नव्हतं. मी त्या रविवारीही खांबामागे बसले. बुटाचा पट्टा सोडला, बांधला. समोर काळे चकचकीत बूट येऊन थांबले.

"कुठे होतीस? वाट बघायला लावतेस."

"आज नको. खरंच नको."

"एकच तांडा," असं म्हणून त्यांनी माझं मनगट धरून उठवलं. हात पुढे केला नाही, मनगट धरलं. आजूबाजूच्या खुर्च्यांवर माणसं होती. सगळ्यांना एकदम आपल्या कॉफीत काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

पहिलं गाणं. हात बरगड्यांवर. "हट्टी झालीस जरा. कोणी शिकवलं?" दोन गाण्यांच्या मधली ती छोटी शांतता आली, जिच्यात जोड्या उभ्या राहून पावसापाण्याचं बोलतात. मी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला.

"धन्यवाद," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं. मानेची शीर हलली त्यांची. "अजून गाणी आहेत."

"माहीत आहे. धन्यवाद."

"सांगितलंय ना तुला..."

"सांगितलंत ते खोटं होतं."

दुसरं गाणं सुरू झालं. त्यांनी माझा उजवा हात सोडला नाही. उलट पाठीवरचा हात घट्ट केला आणि पाऊल पुढे टाकलं. मी टाकलं नाही. मी तिथेच उभी. टँगोत सगळ्या जोड्या गोल एकामागोमाग जातात, कोणी थांबलं की मागची सगळी रांग तुंबते. तशी तुंबली. मागून कोणाची तरी कोपर लागली, कोणीतरी "अहो चला ना" म्हणालं. वखारवाले हसत होते, रांगेला दाखवायला, आणि हसता हसता माझी बोटं आवळत होते. मला सगळं दिसत होतं: खिडकीतलं ऊन, तुम्ही यंत्रापाशी, वहिनी लांबच्या भिंतीपाशी कोणाच्या तरी मिठीत थिजलेली. माझा श्वास अडकलेला. आणि मग माझ्या तोंडून कामावरचा आवाज निघाला, जो बंद दारातून, शिशाच्या काचेतून पलीकडच्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू जावा म्हणून मी कमावलाय.

"सोडा."

सोडला. मला वाटतं त्यांनी नाही, त्यांच्या हाताने सोडला. त्या आवाजाला माणसं आपोआप ऐकतात. मी रांगेतून चालत माझ्या खुर्चीपर्यंत आले. वहिनीने आपल्या जोडीदाराला काहीतरी म्हटलं आणि ती फरशी ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसली. तिचाही तांडा अर्धाच. म्हणाली, "मी पण म्हटलं. छान वाटतं हो."

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते. बोलणी खाऊन मोकळी झाले असते, तुम्ही बोलणं टाकलं असतंत, मी दुसरा हॉल शोधला असता.

पण तो तांडा संपला, आणि मधलं गाणं संपायच्या आत वखारवाले दुसऱ्या खुर्चीसमोर उभे होते. ती नवी मुलगी, बेकरीत काम करते, जिच्या केसांना अजून पिठाचा वास येतो. दुसराच रविवार तिचा. त्यांनी हात पुढे केला, तिने घाबरून तुमच्याकडे बघितलं. आणि तुम्ही डोळ्यांनी जा म्हणालात.

मी बघत होते. बरगड्या बघणं हेच माझं काम आहे. तिच्या हलत नव्हत्या.

दोन तांडे. मध्ये हात सोडला नाही. मग ती बुटांच्या खोलीत आली, लाल झालेली. मी मागून गेले. म्हटलं, "नको असेल तर धन्यवाद म्हण आणि ये. मध्येसुद्धा चालतं."

"पण ते म्हणाले, बायका म्हणत नाहीत."

"ते म्हणाले. आणखी कोण म्हणालं?"

"कोणी नाही." ती जरा थांबली. "पण ताई तिथेच होत्या. त्या हसल्या."

तुम्ही दारात उभ्या होतात तेव्हा. कधीपासून, मला माहीत नाही. तिला बाहेर पाठवलंत, दार लोटलंत आणि त्या फुटक्या फळ्यांना टेकून मला म्हणालात, "तुझं तू बघ, पण नव्या मुलींचे कान भरू नकोस. आणि त्यांची माफी माग. सगळ्यांसमोर हात धरून उभं राहणं, ओरडणं, शोभतं का?"

"हात मी धरला होता?"

"शब्दात पकडू नकोस. पुढच्या रविवारी माफी, नाहीतर येऊ नकोस. हॉल बंद पडला तर सगळ्यांचंच नुकसान आहे. मी एकटी चालवते हे. तुला काय कळणार, मी काय काय गिळलंय ते."

हे शेवटचं वाक्य तुम्ही हळू म्हणालात. मी घरी येऊन त्याच्यावर खूप विचार केला. तुम्हीही कधीतरी नव्या होतात. फरशी नवी होती. तुमच्याही पाठीवर तो हात होता, असं मला आता जवळजवळ दिसतं, जसं कोणाचं जुनं मोडून वेडंवाकडं जुळलेलं हाड दिसतं. असेल तर मला वाईट वाटतं. मनापासून वाटतं. पण तुमचं हाड वाकडं जुळलं म्हणून त्या बेकरीवाल्या पोरीचं मोडू द्यायचं, हे मला मान्य नाही.

मला तो हॉल हवा आहे. हे नीट समजून घ्या. मी रागाने लाथ मारून जाणारी नाही. मला ते ऊन हवं आहे, ती लांबून हललेली मान हवी आहे, चार गाणी एखाद्या परक्या, सभ्य माणसाच्या खांद्यावर हात ठेवून श्वास घेत चालणं हवं आहे. माझ्या आयुष्यात दुसरीकडे कुठे ते मिळत नाही. म्हणूनच मी माफी मागणार नाही. मागितली, तर मी त्या हॉलमध्ये परत येईन ती वखारवाल्यांची म्हणूनच.

येत्या रविवारी मी येणार आहे. वहिनी येणार आहे. दादासुद्धा येतो म्हणालाय, कंबरेसकट. वहिनीने त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मी दारात उभी राहीन, बूट हातात घेऊन, आणि सगळ्यांसमोर तुम्हाला एकच विचारीन. आत्ताच विचारून ठेवते, म्हणजे अचानक विचारलं असं नको.

त्या दिवशी वायर हातात धरून तुम्ही का हसलात? आणि यापुढे दारातून जी नवी बाई आत येईल, तिला पहिलं पाऊल शिकवायच्या आधी तो शब्द शिकवणार आहात की नाही?

मान हलवून चालणार नाही, ताई. डोळ्यांनीही नाही. तोंडाने सांगा.